दशांश वॅटचे हवामान

चष्मेवाला रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरी यायचा, हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत शिरून समुद्रावरचे हवामान सांगायचा. समुद्र त्यांच्या शहरापासून गाडीने दिवसभराच्या अंतरावर होता. चष्मेवाल्याने तो आयुष्यात एकदाच पाहिला होता आणि तेव्हाही लाटा पाहून तो लगेच मागे फिरला होता.

"सागरी हवामान वार्तापत्र," तो नाकात बोलत सुरुवात करायचा. "नैर्ऋत्येकडून मध्यम वारे. लाटांची उंची सर्वसाधारण. सर्व जहाजांनी नोंद घ्यावी. सेवानिवृत्त खलाशांनी जेवणानंतर रक्तदाबाची पांढरी गोळी विसरू नये. ताटात भाजी टाकू नये. वार्तापत्र संपले."

त्याच वेळी वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर, सासरे रेडिओचा आवाज कमी करून लेकीला म्हणायचे, "ऐकलंस? भाजी टाकू नये म्हणतायत. आण इकडे."

हे असे का करावे लागले, त्याला कारण होते. सासऱ्यांचे सारे आयुष्य जहाजाच्या इंजिनखोलीत गेले होते. डॉक्टर, वर्तमानपत्र, लेक आणि जावई यांच्यापैकी कुणावरही त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो फक्त शॉर्टवेव्ह रेडिओवर. "दर्यात असताना तोच एक खरं बोलतो," ते म्हणायचे. जमिनीवर येऊन लेकीकडे राहायला लागल्यावरही ते रोज संध्याकाळी जहाजांसाठीचे वार्तापत्र ऐकत आणि मगच जेवत. एके दिवशी ते केंद्र बंद झाले. आता सगळी जहाजे उपग्रहावरून हवामान घेतात, असे सांगून निवेदकाने निरोप घेतला. सासरे त्या दिवशी पलंगावर आडवे झाले ते उठेनातच. रेडिओची नुसती खरखर ऐकत पडून राहायचे. जेवण दोन घासांवर आले, गोळी उशीखाली जाऊ लागली.

"पायांत बळ आहे तोवर त्यांना चालवा," डॉक्टरांनी बजावले होते. "पाय वापरले नाहीत तर पाय विसरतात. मग माझ्याकडे औषध नाही."

तेव्हा चष्मेवाल्याने घाबरत घाबरत रेडिओवर आवाज सोडणारा एक लहान प्रक्षेपक मागवला. सुट्या भागांची पेटी होती, घरी जोडायची. रेडिओत चोरून एखादी तार सोडली असती तर काम सोपे झाले असते, पण सासरे पक्के यंत्रवाले. दर रविवारी पलंगावरच रेडिओ उघडून पुसत. आवाज हवेतूनच यायला हवा होता.

पेटीत एक इशारा छापलेला होता, तो चष्मेवाल्याला तोंडपाठ झाला. परवान्याशिवाय लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, प्रक्षेपण करायचे असेल तर शक्ती एक दशांश वॅटच्या आत हवी. त्यापुढे गेल्यास यंत्र जप्त, दंड आणि तुरुंग. एक दशांश वॅट म्हणजे किती? तर विजेरीचा सगळ्यात लहान दिवाही यापेक्षा जास्त खातो. चष्मेवाल्याने शक्तीचा स्क्रू मर्यादेच्याही खाली आणला आणि तो कुणी फिरवू नये म्हणून त्यावर बायकोचे लाल नेलपॉलिश थापले.

"माझी बाटली संपवलीत," बायको म्हणाली.

"अगं, तुरुंगात गेलो असतो म्हणजे?"

"तुम्ही आणि तुरुंगात? तुम्हाला बघून तिथले चोर हसतील."

केंद्र पुन्हा सुरू झाले आहे, असे निवेदकाने पहिल्याच दिवशी जाहीर केले. गोळी सुरू झाली. जेवण सुरू झाले. सासऱ्यांच्या गालांवर थोडी तकाकी आली. पण एक गोष्ट वार्तापत्राला काही केल्या जमेना. "सेवानिवृत्त खलाशांनी जिना उतरून फेरफटका मारावा," असे निवेदक सांगू लागला, की सासरे मान हलवत. "लाटा आहेत म्हणतोय आणि शिवाय उतरा म्हणतोय. निवेदक नवखा दिसतोय." लाटा काढून टाकल्या तर म्हणत, "लाटा नाहीत, मग घाई कसली?" पाय पलंगावरच राहिले.

चष्मेवाल्याला मात्र लाटांपेक्षा दुसरीच चिंता होती. वर्तमानपत्रात बिनतारी खात्याचे निवेदन आले होते. विनापरवाना केंद्रे शोधण्यासाठी खात्याच्या गाड्या फिरत आहेत, असे त्यात म्हटले होते. तेव्हापासून रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की तो दुकानातल्या आरशामागे जायचा. एकदा ती दूधवाल्याची निघाली, एकदा लग्नाच्या मांडववाल्याची. तरी आरशामागे जाणे थांबले नाही.

आणि एका दुपारी ते घडले. दुकानाच्या काचेतून त्याला एक माणूस दिसला. पाठीवर पिशवी, कानांवर हेडफोन आणि हातात काठीला बांधलेले तारेचे मोठे कडे. तो माणूस घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभा राहिला, कडे हळूहळू फिरवले, आणि कड्याचे तोंड चष्म्याच्या दुकानाकडे आल्यावर थांबला. मग रस्ता ओलांडून सरळ आत आला.

काय करावे ते न सुचल्याने चष्मेवाल्याने तेच केले जे तो रोज करायचा. पाहुण्याला तपासणीच्या खुर्चीत बसवले.

"हनुवटी इथे टेका. हं. खालची ओळ वाचा."

"मी वाचायला नाही आलो," तो माणूस म्हणाला. "ऐकायला आलोय."

"का... काय ऐकायला?"

"सागरी हवामान."

चष्मेवाल्याच्या हातातले भिंग घरंगळत कपाटाखाली गेले. त्याने दुकानाचे दार आतून लावले, पडदा ओढला आणि घामेजलेले हात जोडले.

"साहेब, सगळं सांगतो. यंत्र जिन्याखाली आहे. एरियल म्हणजे गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार. बायकोचा त्यात काही संबंध नाही, तिने फक्त कपडे वाळत घातले. शक्ती मर्यादेच्या आत आहे, गळ्याशपथ. सासरे झोपून असतात, त्यांच्यासाठी केलं. आता नेणारच असाल तर मागच्या दाराने न्या. समोर सगळी माझी गिऱ्हाइकं बसलेली असतात."

त्या माणसाने हेडफोन काढले. त्याचे डोळे पाणावले होते.

"म्हणजे तुम्हीच? तो नाकातला आवाज तुमचा?"

"माझाच. पण वाईट हेतू नव्हता."

"सही द्याल?"

"जबाबावर?"

"नाही हो, कार्डावर!" त्याने पिशवीतून एक कोरे कार्ड काढले. "मी श्रोता आहे. दूरदूरची बारीक केंद्रं ऐकायची आणि त्यांच्याकडून ऐकल्याची खूण म्हणून कार्ड घ्यायचं, हा माझा छंद. माझ्याकडे अशी पेटीभर कार्डं आहेत. पण तुमच्यासारखं केंद्र उभ्या आयुष्यात ऐकलं नाही. मी सातशे मैलांवरून आलोय."

चष्मेवाला स्टुलावर बसला. सुटकेचा निःश्वास टाकू लागला, पण तो अर्ध्यातच अडकला. "सातशे मैल? तिथे ऐकू येतं? मग माझी शक्ती मर्यादेच्या बाहेर गेली की!"

"छे हो. पाण्यावर चपटा दगड मारलात तर तो कसा टप्पे घेत जातो? लघुलहरींचं तसंच. इथून वर जातात, आभाळाला टेकतात आणि भलतीकडेच उतरतात. तुमच्या शेजारच्या गल्लीत काही ऐकू येणार नाही. पण हवा अनुकूल असली की माझ्या गच्चीवर टपकन पडतात."

"आणि माझा पत्ता कुठून लागला?"

"तुमच्या मंडळींकडून. एकदा वार्तापत्र चालू असताना मागून बाईंचा आवाज आला, 'अहो, मनोऱ्यासमोरच्या दुकानाचा दिवा चालू ठेवून आलात! चष्म्यांना रात्री दिसायला लागतं का?' माझं कडं दाखवतं त्या दिशेला मनोरा असलेली शहरं तीन. दोन ठिकाणी समोर चष्म्याचं दुकान नाही. राहिलं हे."

श्रोत्याला घरी नेणे भाग होते. त्याने जिन्याखालची खोली डोळे भरून पाहिली. गच्चीवरच्या तारेला हात लावला, तिथे चष्मेवाल्याचे बनियन वाळत होते ते त्याने आदराने बाजूला सरकवले. यंत्रापाशी चष्मेवाल्याचा फोटो काढला. बायकोने चहा दिला तेव्हा तो तिला म्हणाला, "वहिनी, तुम्हाला कल्पना नाही. आमच्या श्रोता मंडळात ह्यांचं फार नाव आहे."

"ह्यांचं?" बायकोने नवऱ्याकडे असे पाहिले, जणू कुणी त्यांच्या घरातल्या स्टुलाचे कौतुक केले होते.

जाताना श्रोता दारात थबकला. "एक सांगून ठेवतो. मंडळात माझा एक मित्र आहे, भारी थट्टेखोर. तोही तुमच्याकडे येणार आहे. पण तो सरळ येणार नाही. बिनतारी खात्याचा अधिकारी म्हणून येईल, खोटं ओळखपत्र दाखवेल, दम देईल. प्रत्येक केंद्राला तो असंच घाबरवतो. तुम्ही घाबरू नका, नाहीतर त्याचं फावतं. उलट तुम्हीच त्याची जिरवा."

"मी?"

"तुम्ही. मोठ्या बाता मारा. बघा कसा पळतो."

चष्मेवाल्याला त्या रात्री गाढ झोप लागली. आयुष्यात प्रथमच कुणीतरी सातशे मैल प्रवास करून त्याला पाहायला आले होते. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली तेव्हा तो आरशामागे गेला नाही. तोऱ्यात दारात उभा राहिला. गाडीवाला पत्ता विचारत होता.

त्यानंतर काही दिवसांनी, वार्तापत्राच्या थोडे आधी, घराच्या फाटकाला अगदी चिकटून एक पांढरी गाडी उभी राहिली. तीतून एक बुटका, नीटनेटका माणूस उतरला. हातात जाड कातडी पेटी. दारात येऊन त्याने ओळखपत्र दाखवले.

"बिनतारी खातं. निरीक्षण अधिकारी. तुमच्या घरातून विनापरवाना प्रक्षेपण होतं अशी माहिती आहे."

चष्मेवाला सवयीने एक पाऊल मागे सरला, पण लगेच त्याला श्रोत्याचे बोलणे आठवले. त्याने ओळखपत्र हातात घेतले, दिव्यापाशी नेले, आपले भिंग लावून पाहिले आणि खो खो हसला.

"झकास बनवलंय! शिक्का तर अगदी खरा वाटतो. कुठे करून घेतलंत?"

"म्हणजे?" अधिकारी म्हणाला.

"या, या, आत या! चेहरा पण काय केलाय. असाच ठेवा, असाच." आणि चष्मेवाल्याने अधिकाऱ्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्याच्या हातातली पेटी खाली पडता पडता राहिली.

अधिकारी आत आला. त्याने शांतपणे विचारले, "प्रक्षेपक तुमचा?"

"माझाच."

"परवाना आहे?"

"परवाना!" चष्मेवाला खुर्चीत रेलून बसला. "परवाना भित्र्यांनी काढायचा."

स्वयंपाकघरातून बायको दारात आली आणि तिथेच थांबली. नवऱ्याला ताप आला की काय, असे तिला वाटले.

"विनापरवाना प्रक्षेपणाला एक दशांश वॅटची मर्यादा आहे, हे ठाऊक आहे?" अधिकाऱ्याने विचारले.

"ऐकून आहे. एक दशांश! एवढ्यात डास तरी मरतो का?"

"मग तुमची शक्ती किती?"

चष्मेवाल्याने छताकडे पाहिले. आकडा मोठा हवा होता. "पन्नास वॅट," तो म्हणाला. अधिकाऱ्याचा चेहरा हलला नाही, तेव्हा त्याने पुढे जोडले, "रविवारी शंभर. सुट्टीचा दिवस ना."

अधिकारी लिहू लागला. चष्मेवाल्याला आता रंग चढला होता. "लिहा, लिहा. सातशे मैलांवर ऐकतात मला. तुमच्या खात्याच्या नाकावर टिच्चून ऐकतात. लिहिलंत? नाकावर टिच्चून."

तेवढ्यात दिवाणखान्यातला फोन वाजला. चष्मेवाल्याने हात लांब करून तो उचलला.

"नमस्कार," पलीकडून खळखळून हसल्याचा आवाज आला. "मी त्या श्रोत्याचा मित्र. तुमची थट्टा करायला अधिकारी बनून येणार होतो, पण त्या बोलघेवड्याने तुम्हाला आधीच सांगून टाकलं म्हणे. त्यात माझी गाडीही चुकली. पुढच्या आठवड्यात साधाच येऊ का?"

चष्मेवाल्याने फोनकडे पाहिले. मग समोरच्या माणसाकडे पाहिले. समोरचा माणूस 'टिच्चून' या शब्दावर पूर्णविराम देत होता.

"पुढच्या आठवड्यात," चष्मेवाला कसाबसा म्हणाला, "मी कुठे असेन ते सांगता येत नाही." आणि फोन ठेवायला गेला तो जागेवर ठेवायचे सोडून फुलदाणीत ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही खरे आहात?"

"जन्मापासून," अधिकारी म्हणाला.

"मी आत्ता जे बोललो ते सगळं खोटं आहे. पन्नास नाही. शंभर नाही. मी थट्टा करत होतो. म्हणजे तुमची नाही, तुम्ही जे नव्हता त्यांची."

"तुमचा कबुलीजबाब माझ्याकडे लिहिलेला आहे. पन्नास म्हणजे मर्यादेच्या पाचशे पट. आणि शिवाय हे." अधिकाऱ्याने पेटीतून एक पत्रक काढले. श्रोत्याच्या मंडळाचे ते पत्रक होते. पहिल्याच पानावर यंत्रापाशी उभा असलेला, दात दाखवून हसणारा चष्मेवाला होता, आणि खाली घराचा पूर्ण पत्ता. "गेल्या पंधरवड्यात एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाने आमच्याकडे विचारणा केली. भर समुद्रात त्यांनी तुमचं वार्तापत्र ऐकलं. त्यांना जाणून घ्यायचंय, की जेवणानंतरची पांढरी गोळी ही सगळ्या जहाजांना लागू आहे का. त्यांच्याकडे ती नाही."

चष्मेवाल्याला भर समुद्रात उभे असलेले, गोळीवाचून खोळंबलेले जहाज दिसू लागले. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"साहेब," बायको पुढे आली. "हे म्हणतात म्हणून पन्नास असेल हो? अहो, हे स्कूटर तीसच्या वर नेत नाहीत. उतारावर सुद्धा ब्रेक दाबून बसतात. ह्यांच्यात कसलाच पन्नास नाही."

"अगं, साहेबांना पटेल असं बोल ना!"

"तेच तर बोलतेय."

अधिकारी उठला. "बोलण्यावर मी जात नाही, मोजण्यावर जातो. यंत्र चालू करा आणि रोज वाचता तसं वाचा. मी मोजतो. मर्यादेच्या वर निघालं तर यंत्राला आत्ता सील लागेल आणि तुम्ही माझ्याबरोबर याल."

"आणि आत निघालं तर?"

"आत निघाल्याचं अजून तरी माझ्या नोकरीत झालेलं नाही."

तिघे जिन्याखालच्या खोलीत कोंबले गेले. वरून खरखर ऐकू येत होती. सासऱ्यांनी रेडिओ लावून ठेवला होता, वेळ झाली होती. अधिकाऱ्याने पेटी उघडली, यंत्राला दोन तारा चिकटवल्या आणि आपल्या मोजणीच्या यंत्राची काच पुसली. चष्मेवाल्याने स्क्रूवरच्या लाल ठिपक्याकडे पाहिले. ठिपका जागेवर होता. पण जोडताना आपण काही चुकलो असलो तर? ते यंत्र मुळातच जास्त शक्तीचे असले तर? मोजायचे साधन त्याच्याकडे कधीच नव्हते. पेटीवरच्या छापील शब्दावर विसंबून तो इतके दिवस समुद्र चालवत होता.

त्याने बटण दाबले. नाकातला आवाज लावायचा प्रयत्न केला, पण नाकही घाबरले होते.

"सा... सागरी हवामान वार्तापत्र. नैर्ऋत्येकडून... वारे. लाटा आहेत. बऱ्याच आहेत." त्याने अधिकाऱ्याकडे चोरून पाहिले. अधिकारी काट्याकडे टक लावून होता. चष्मेवाल्याच्या मनात आले, की हे शेवटचेच वार्तापत्र. उद्यापासून वर पुन्हा खरखर. मग गोळी उशीखाली जाणार, दोन घास उरणार आणि पाय विसरणार. "सेवानिवृत्त खलाशांना विशेष सूचना. यापुढे वार्तापत्र येईल किंवा न येईल. तांत्रिक कारणं आहेत. पण गोळी चालू ठेवावी. पूर्ण जेवावं. लेकीचं ऐकावं. ती ओरडते, पण तिला रात्री झोप लागत नाही. आणि निवेदकाचं काही... निवेदकाला..."

पुढे शब्दच फुटेना. काटा थरथरत होता आणि चष्मेवाला काट्यापेक्षा जास्त.

मग डोक्यावर जिना वाजला.

एक पायरी. बराच वेळ काही नाही. मग दुसरी. बायकोने दोन्ही हात तोंडावर ठेवले. कठडा करकरला, कुणीतरी जोराने श्वास सोडला, खोकले, आणि पायऱ्या एकामागून एक येऊ लागल्या. अधिकाऱ्याने प्रश्नार्थक मान वर केली, तेव्हा बायको एवढेच पुटपुटली, "बाबा."

अडगळीच्या खोलीच्या दारात सासरे उभे राहिले. केस विस्कटलेले, एका हाताने चौकट पकडलेली, पाय अनवाणी.

"कुठे आहेत जावईबापू?" ते धापा टाकत म्हणाले. "कुठेतरी फोन करायला सांगा त्यांना. तो निवेदक कसल्यातरी संकटात आहे. बोलता बोलता गप्प झाला. असा आवाज मी एकदाच ऐकलाय, इंजिनखोलीत पाणी शिरलं होतं तेव्हा."

सासऱ्यांची नजर यंत्रावर गेली, माइकवर गेली, तो धरलेल्या हातावर गेली आणि हातावरून चष्मेवाल्याच्या घामाघूम चेहऱ्यावर आली. तिथे ती बराच वेळ राहिली.

"बाबा, मी सांगणारच होतो," चष्मेवाला म्हणाला.

"आवाज तुमच्यासारखाच वाटायचा," सासरे सावकाश म्हणाले. "रोज वाटायचा. पण म्हटलं, छे! जावईबापूंच्यात एवढी छाती कुठली? म्हणून सोडून दिलं."

"मला पण तेच वाटायचं," चष्मेवाला म्हणाला.

"आणि हे कोण?"

"बिनतारी खात्याचे साहेब. मला न्यायला आलेत."

सासऱ्यांनी अधिकाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "काय चुकलं ह्यांचं?"

"शक्ती," अधिकारी म्हणाला. मग त्याने काट्याकडे पाहिले, काचेवर टिचकी मारली, तारा काढून पुन्हा लावल्या आणि परत पाहिले. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "सात शतांश वॅट," तो म्हणाला. ते शब्द त्याला जड जात होते.

"मर्यादा किती?" सासऱ्यांनी विचारले.

"दहा शतांश."

"मग आत आहेत की."

"आत आहेत," अधिकारी म्हणाला. आपल्याच वहीतली 'नाकावर टिच्चून' ही ओळ त्याने पुन्हा एकदा वाचली. "ह्यांनी फक्त बोलण्यात मर्यादा ओलांडली आहे. त्याला आमच्याकडे कलम नाही."

चष्मेवाला भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. बायकोने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. अर्धे पाणी प्यायला, अर्धे सदऱ्यावर सांडले.

"कप्तानाला काय कळवू?" अधिकाऱ्याने विचारले.

"गोळी फक्त आमच्या बाबांची आहे म्हणावं," बायको म्हणाली.

"झालं असेल तर बाजूला सरा," सासरे म्हणाले. "वार्तापत्र अर्धवट पडलंय. अर्धवट वार्तापत्रावर कुणी जहाज हाकतं का? आणि जावईबापू, या दिवसांत वारा नैर्ऋत्येचा नसतो. तुम्ही रोज एकच वारा सोडता. मी केंद्राला तक्रार करणार होतो."

ते स्टुलावर बसले. माइक त्यांनी असा धरला, जसा कुणी जुन्या ओळखीच्या माणसाचा हात धरतो. यंत्र अजून चालूच होते. अधिकारी पेटी बंद करता करता थांबला.

"सागरी हवामान वार्तापत्र, पुढे चालू," सासऱ्यांचा भरदार आवाज खोलीत घुमला. "वारा उत्तरेचा, हलका. समुद्र शांत. निवेदक बदलले आहेत, आधीचे सुखरूप आहेत. एक जुने जहाज बरेच दिवस गोदीत अडकून पडले होते, ते आता फेरफटक्यासाठी बाहेर पडत आहे. जहाजावर त्याची लेक आणि जावई आहेत. फाटकाच्या तोंडाशी पांढऱ्या रंगाची गाडी नांगरलेली आहे. तिने वाट ताबडतोब मोकळी करावी. सर्वांनी नोंद घ्यावी."

बायको त्यांच्या वहाणा शोधायला वर धावली. चष्मेवाला धडपडत उठला आणि सासऱ्यांना आधार द्यायला पुढे झाला, पण त्याचेच गुडघे इतके लटपटत होते, की आधार कोण कुणाला देत होते ते कळत नव्हते.

अधिकाऱ्याने पेटी उचलली, खिशातून किल्ली काढली आणि तो गाडी मागे घ्यायला निघून गेला.